भिंतीला शेक

कर्जतला भाड्यानं खोली घेतली तवा मी आमच्या गावात, सगळ्या कडावात, सांगत फिरलो, "आता आमी बिल्डिंगीत राहतो." बिल्डिंग म्हंजे दोन मजले. खाली घरमालकीण काकी, वर आमी तिघं: मी, बायको नि तीन वर्षांची पोरगी.

खोलीला वर छताजवळ एक झरोका. पावसात त्याच्यातनं झडीचं पाणी यायचं, ते बरोबर माझ्या अंथरुणावर. शाळा मी बघितली ती लांबूनच, पण घराला झड, म्हंजे पावसाला आडोसा, कशी बांधायची ते मला कुणी शिकवायला नको. गावाकडनं टेंपोत टाकून पेंढा आणला, खताच्या गोणीत भरला नि झरोक्यात कोंबला. एक थेंब आत येईल तर शपथ! "बघ, असा पायजे नवरा," मी बायकोला म्हणलो.

पंधरा दिवसांत भिंतीवर काळे ठिपके आले. मला वाटलं मुंग्या. झाडू मारला, एक पण हलली नाय. मग कपाटातल्या माझ्या लग्नाच्या कोटाला पांढरी लव आली, चपलेला आली, नि पोरगी खोकायला लागली.

डॉक्टरनं इचारलं, "घरात बुरशी हाय का?"

"नाय," मी म्हणलो.

"हाय," बायको म्हणली. "हे रोज तिच्यावर हात टेकून चपला घालतात."

बाहेर आल्यावर म्हणली, "अवो, नागपंचमीपर्यंत भिंत सुकली नाय तर मी पोरीला घेऊन कोंडाणे गावाला आईकडं चालली. तुमी राहा तुमच्या बिल्डिंगीत."

मी तडक काकींच्या दारात. शेजारपाजार ऐकंल अशा आवाजात म्हणलो, "काकी, तुमची भिंत सडकी हाय!"

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणल्या, "चार भाडेकरू राहून गेले रं त्या खोलीत. कुणाची सडली नाय."

"घाबरले असतील तुमाला."

मग मी भिंत पुसली, घासली, चुना लावला. आठ दिवसांनी चुन्यातनं ठिपके परत हजर. नागपंचमीला दोन दिवस राहिले नि माझं डोकं चाललं. गावच्या घराला बुरशी का नाय येत? तिथं चूल हाय! बाळंतिणीला देतात तसा भिंतीला शेक द्यायचा.

बायको पोरीला घेऊन दवाखान्यात गेली तशी मी शेगडी पेटवून भिंतीला लावली. कोळसा ओला. धूर निघाला, सगळीकडं फिरला, पण त्याला जायला वाट नाय. मी खोकत दार उघडलं तर खालून कुणीतरी बोंबललं, "आग! आग!" समोरच्या चाळीतली माणसं बादल्या घेऊन वर. पहिली बादली भिंतीवर, दुसरी शेगडीवर, तिसरी माझ्यावर.

काकी सगळ्यात शेवटी आल्या. वर बघितलं.

"झरोका कुठं हाय रं?"

"तिथं झड बांधलीय, काकी."

"हवा यायची वाट बुजवलीस नि वर माझी भिंत सडकी? काढ ते!"

स्टुलावर चढून मी गोणी ओढली. आत काळं पाणी, नि बाहेरच्या अंगाला पेंढ्यातलं भात उगवलेलं. वीतभर रोपं, हिरवीगार.

"लावणी कधी करतोस?" काकी म्हणल्या. अख्खी चाळ हसली. नेमकी तेवढ्यात बायको दारात, कडेवर पोरगी. तिनं भिंत बघितली, मला बघितलं, रोपं बघितली नि सरळ पिशवी भरायला लागली.

मी मान खाली घातली. "काकी, चुकलं माझं. भिंत चांगली हाय तुमची."

काकींनी बायकोचा हात धरला. "गणपतीपर्यंत वेळ दे गं त्याला. भिंत सुकंल. ह्याच्या डोक्याचं मी सांगत नाय."

काकींनी त्यांचा पंखा दिला. मी रोज भिंत पुसायची, झरोक्याला हात लावायचा नाय, असं ठरलं. गणपतीला भिंतीवर नुसता करडा डाग राहिला नि पोरीचा खोकला गेला. झडीचं पाणी परत माझ्या अंथरुणावर यायला लागलं. खोलीत दुसरी जागा नाय, म्हणून मी छत्री उघडून झोपतो. सकाळी पोरगी छत्रीत शिरते नि बायको चहा ठेवता ठेवता म्हणते, "बघ गं, असा पायजे बाप."