तिसरीचा चिनी नाच

गॅदरिंगचा विषय होता 'देशोदेशीचे नाच'. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या तिसरीच्या वाट्याला चीन आला. मला शाळेत लागून जेमतेम सात महिने झाले होते. स्टाफरूममध्ये मी फारसं बोलत नसे. हा नाच नीट बसवला तर न बोलताही आपण काय आहोत ते लोकांना कळेल, असं मला वाटत होतं.

सगळं मी एका जुन्या हॉलिवूड संगीतपटातून उचललं. सान फ्रान्सिस्कोत राहणारी चिनी कुटुंबं, लांब झग्यातले वडील, सूट घालणारा मुलगा, लग्नासाठी जहाजातून आलेली एक बुजरी मुलगी, आणि मध्येमध्ये गाणी. तो सिनेमा मी लॅपटॉपवर तीनदा पाहिला. ती बुजरी मुलगी म्हणजे मीच, असं तिन्ही वेळा वाटलं.

बोरगाव मेघेच्या आमच्या घरात वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. चीनहून हिंदी शिकायला आलेली, माझ्याच वयाची. ती पुस्तकातली हिंदी बोलते. भाजीवाल्याला 'कृपया' म्हणते, माझ्या आईला 'माताजी'. माझ्याशी हिंदीतच बोल, मला सराव होईल, असं तिने पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं आणि मी ते पाळत आले होते. मोकळेपणाने मी बोलत असेन तर तिच्याशीच. तिला मी सिनेमाची दहा मिनिटं दाखवली.

"ये लोग कौन हैं?" तिने विचारलं.

"चिनी."

"नहीं, ये तो अमेरिका के लोग हैं. मेरे घर में ऐसा कोई नहीं है," असं म्हणून ती हसली आणि भात लावायला निघून गेली. मी मात्र झगे, पंखे आणि हनुवटीखाली हात जोडून वाकायची पद्धत लिहून घेतली. गॅदरिंगला यायचं आमंत्रणही तिला दिलं. खरी चिनी पाहुणी आपल्या ओळखीची आहे, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

गॅदरिंगच्या दिवशी वर्गात मुलींना तयार करायचं काम चालू होतं. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले लाल सॅटिनचे झगे त्यांना पायात येत होते. मी काळी पेन्सिल घेऊन एकेकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत वर चढत जाणारी रेघ ओढत होते. सेलूकडच्या एका मुलीची आई दाराशी उभी होती. त्यांची भाजीची शेती आहे. पोरीला ती आमच्या इंग्रजी शाळेत रोज ऑटोने पाठवते.

"मॅडम, अशी रेघ काऊन ओढून राह्यल्या तुम्ही?" ती म्हणाली. "चांगले हायेत ना पोरीचे डोळे."

"ताई, स्टेजवर चिनी दिसायला पाहिजेत ना."

"पण तुमची ते चीनची पोरगी मंडपात समोरच बसली हाये. तिले काय वाटन?"

"अवं, तिले वाटन माह्याच गावच्या पोरी आल्या!" मागून दुसरी आई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. मीसुद्धा हसले. मग सेलूकडच्या आईला म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा बरं ताई, माझ्या अजून अकरा मुली राहिल्यात." ती गेली. ही मला काय शिकवणार, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. नेमकं हेच आलं होतं.

मुली तुरुतुरु पावलं टाकत स्टेजवर आल्या, डोळे मिचकावत वाकल्या, आणि मंडपात हशा पिकला. मी पडद्याच्या फटीतून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझी चिनी पाहुणी व्हिडिओ काढत होती. मग तिचा फोन हळूच खाली मांडीवर आला. नाच संपल्यावर बाकीच्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या.

नंतर व्हरांड्यात सेलूकडची ती ताई पदराच्या टोकाला खोबरेल लावून पोरीचे डोळे पुसत होती. एक डोळा झाला होता, दुसऱ्यावर रेघ तशीच होती. तेवढ्यात माझी चिनी पाहुणी मला शोधत आली.

"बच्चियाँ बहुत प्यारी थीं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ये आँखें किसने बनाईं?"

प्रश्न हिंदीत होता. ताईला तो समजला. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं. मुलींच्या आयांनी केलं, म्हणाले. खेड्यातल्या बायका आहेत, त्यांना कळत नाही.

इंग्रजी आपसूक तोंडात आलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते खरं नाही. ताईला कळू नये म्हणूनच मी भाषा बदलली होती.

ती ताईकडे वळली आणि अगदी मनापासून म्हणाली, "कोई बात नहीं, दीदी."

ताई गोंधळून हसली. "मले काऊन म्हणते मॅडम हे असं?"

"काही नाही, नाच छान झाला म्हणते."

पोरगी आईच्या हाताखालून माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांची. सात महिने मी तिला इंग्रजी शिकवत होते.

त्या सिनेमात तिकडेच वाढलेली मुलं घरातल्या मोठ्यांच्या मागासलेपणावर हसतात. मी जहाजातून आलेल्या मुलीसाठी हळहळत बसले होते. माझी जागा त्या हसणाऱ्यांत आहे, हे तीनदा पाहूनही मला दिसलं नव्हतं.

दोन दिवस मी वरच्या खोलीकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना ताई फाटकाशी उभी दिसली. पोरगी तिच्या मागे, मान खाली.

"मॅडम, एक विचाराचं होतं. हे म्हणते का तुम्ही त्या चीनच्या पोरीले सांगतलं, रेघा आयांनी काढल्या म्हणून. म्या म्हटलं मॅडम असं कायले म्हणन? तुलेच इंग्लिश समजलं नसन. खोटं बोलते म्हणून दोन लावल्या बी तिले. तरी हेका सोडत नाई. समजते का हो तिले बराबर? का आम्ही उगाच शिकवून राह्यलो?"

'तिची काहीतरी गल्लत झाली असेल' एवढंच म्हटलं की सुटका होती. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पोरीने मान वर केली नाही. काय होणार ते तिला ठाऊकच असावं.

"तिला बरोबर समजलं, ताई," मी म्हणाले. "मी तसंच म्हटलं होतं."

ताईने हात मागे नेऊन पोरीचं डोकं आपल्या कमरेशी ओढून धरलं.

"म्हणजे तिनं मले माफ केलं होतं," ती म्हणाली. "अन् मी हासत होती."

"चुकलं माझं."

"मले नका सांगू. तिले सांगा. तुमच्याच घरी राह्यते ना? चला."

"आत्ता?"

"मंग कवा? अन् हिंदीत सांगजा. मले समजलं पायजे."

आम्ही तिघी चालत निघालो. वरच्या खोलीचं दार उघडंच होतं, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पोरीला पाहून आधी हसली, मग माझं तोंड पाहून थांबली. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलले. माझी हिंदी तिच्याइतकी चांगली नाही. रेघा मी काढल्या. या दीदी नको म्हणत होत्या. मी त्यांच्यावर ढकललं. मध्येच इंग्रजी शब्द आला तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तो परत घेऊन हिंदीत म्हटला.

ती हातातला टॉवेल तसाच धरून ऐकत राहिली. मग ताईसमोर येऊन म्हणाली, "मुझे क्षमा कीजिए. मैंने इनकी बात सच मान ली थी." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पोरीला बिस्किटं दिली, पाणी दिलं. ताई म्हणाली, ऑटो तर गेला, सेलूची बसबी जाईन आता, आणि त्या दोघी निघाल्या.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवरच राहिले. खाली वळणावर ताई थांबली होती. तिने पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"म्हणजे तुले समजते सारं इंग्लिश," ती म्हणाली.

"हो ना," पोरगी म्हणाली. "मी सांगतलं होतं तुले."