कॉम्प्युटरचा अभ्रा

बंगलोरजवळ आनेकलच्या माझ्या शेडला सिमेंटचे पत्रे होते आणि मधोमध एकच पत्रा पांढऱ्या प्लास्टिकचा. दुपार कलली की त्या पत्र्यातून दुधासारखा उजेड खाली उतरायचा आणि भिंतीकडेने मांडलेल्या जुन्या कॉम्प्युटरांवर पसरायचा. प्रत्येकावर मी शिवलेलं कव्हर. निळी, करडी, एखादं मरून. बाहेरच्या नाचणीच्या शेतावरून वारा आला की कव्हरांच्या कडा हलायच्या आणि दर वेळी मला वाटायचं, आत कुणीतरी कूस बदलली. शिलाईच्या मशिनी बंद करून, बायकांना घरी सोडून मी तिथे नुसता बसून राहायचो. नव्वदच्या दशकातल्या माझ्या कितीतरी रविवारच्या दुपारी अशा गेल्या.

त्या कॉम्प्युटरांत कोपऱ्यातलं एकच मशीन उघडं होतं. टेबलाएवढं रुंद, हस्तिदंती रंग पिवळा पडलेला, वर काचेचा हिरवट डोळा. त्याच्यामागे भिंतीवर खिळ्याला एक कव्हर टांगलेलं होतं, खांद्यावरची शिलाई उसवलेलं. ते मी कधी सांधलं नाही. सांधायचं नाही असं ठरवलंच होतं.

आमची माणसं बंगलोरात शेकडो वर्षांपासूनची. घरात मराठी बोलतो, पण भाजीवाल्यापासून सासूपर्यंत सगळ्यांशी बोलताना निम्मं कन्नड त्यात मिसळतं. वडील दुसऱ्याच्या दुकानात शिवायला बसायचे. मी चिकपेटच्या बाजारात एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर भाड्याचं मशीन मांडून सुरुवात केली. दप्तरं, छत्र्यांच्या पिशव्या, स्कूटरच्या सीटची कव्हरं. मला कुणी काही दिलं नाही आणि मीही कुणाला एक बोट कापड जास्त दिलं नाही. मग गावात कॉम्प्युटर आले. ते घेणारे लोक चोरापेक्षा धुळीला जास्त घाबरतात, हे माझ्या आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी धुळीवर धंदा उभा केला.

पहिली मोठी ऑर्डर मल्लेश्वरमच्या एका संस्थेची होती. तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीला काचेची भिंत, आत थंड हवा, दाराशी चपलांची रांग. मी चपला काढल्या, गळ्यातली टेप सारखी केली, तर आतले साहेब म्हणाले, "तुम्ही बाहेरच थांबा. माप मी घेतो." पुण्याहून आलेले, गोरेपान, बारीक. हातात लाकडी फूटपट्टी. मी काचेला नाक लावून उभा. ते पट्टी ठेवत गेले, आकडे मोठ्याने सांगत गेले, मी टिपत गेलो. काचेतून त्या मशीनच्या डोक्यावरचा कुंकवाचा डाग दिसत होता. वरची जाळी चुकवण्यासाठी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, टिळा डावीकडे लावलेला, त्यामुळे सबंध मशीन जरा मान कलती करून बघतंय असं वाटायचं. मला ते आवडलं. आपण याला कपडे शिवणार, असं मनात आलं.

कव्हर नेलं तो आयुधपूजेचाच आदला दिवस. आत झेंडू, केळीचे खांब, चुरमुरे, सगळा स्टाफ जमलेला. साहेबांनी कव्हर चढवलं आणि ते खांद्यावरच अडलं. लहान भावाचा सदरा थोरल्याला घालावा तसं. त्यांनी ओढलं. शिलाई उसवली.

"उशांचे अभ्रे शिवता का हो तुम्ही?"

सगळे हसले.

"साहेब, तुम्ही सांगितलेल्या मापाला शिवलंय."

"म्हणजे मला मोजता येत नाही?" मग इतरांकडे बघून, "आणि हे मराठी कुठलं म्हणायचं?"

"तुमच्या आधी तीनशे वर्षं इथं आलेलं," मी म्हणालो, आणि पुढे असं काही बोललो की वॉचमनने मला त्या उसवलेल्या कव्हरसकट दंड धरून बाहेर आणलं. चुरमुरेसुद्धा मिळाले नाहीत. त्या संस्थेची ऑर्डर गेली आणि तिच्यामागे तिच्या ओळखीच्या आणखी दोन संस्थांची. माप चुकलं असं माझ्याबद्दल आयुष्यात एकदाच म्हटलं गेलं, आणि ते खोटं होतं.

जुने कॉम्प्युटर मी गोळा करायला लागलो ते शौक म्हणून नव्हे. बायकांचे ब्लाउज शिवायला जसा पुतळा लागतो, तसे मला कव्हर बेतायला साचे लागायचे. भंगारवाल्याकडून रिकामी खोकी आणायचो. एकदा एका खोक्यात आतलं सगळं शाबूत निघालं. हिरवी पाटी, तिच्यावर चांदीच्या बारीक वाटा, जरीच्या काठासारख्या. किती वेळ मी ती पाटी उजेडात फिरवत बसलो. मग शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तारा झाळायचा कैया धरायला शिकलो. जुना माल थेट विजेला जोडायचा नाही, मधे बल्ब लावायचा, हेही त्यानेच सांगितलं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब रागावतो, भक्क पेटतो. सगळं ठीक असेल तर नुसता लाल होऊन मंद होत जातो, डुलकी लागल्यासारखा. तो मंदावताना बघणं हे मला जेवणापेक्षा आवडायला लागलं. बंगलोरचं मशीन आहे की बाहेरगावचं, हेही मी उघडल्याबरोबर सांगू शकायचो. इथल्या प्रत्येकाच्या कळांखाली कुंकू सापडतं.

बायको म्हणायची, "लोक पोरांना झबली शिवतात. तुम्ही मेलेल्या टीव्हींना शिवा."

भंगारवाले या पाट्या जाळून त्यातलं सोनं काढायचे. त्यामुळे घाई करावी लागायची, पण घाई दिसू द्यायची नाही. मला हवं ते मशीन मी कधी बघायचो नाही. शेजारचं कपाट ठोकून बघायचो, त्याच्या गंजावरून भांडायचो आणि निघताना, "ते पण टाका, साचा होईल," म्हणायचो. असंच एकदा कपाटावरून तावातावाने भांडताना बाजूला नजर गेली. पिवळट मोठं धूड, माथ्यावर डावीकडे रंगात मुरलेला तपकिरी डाग. मान कलती करून माझ्याकडे बघत होतं. मी भांडणच विसरलो. भंगारवाला हसला आणि त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा केला.

शेडमध्ये आणल्यावर पहिलं काम टेप लावणं. रुंदीला दोन बोटं जास्त. साहेबांनी सांगितलं होतं त्यापेक्षा दोन बोटं जास्त! मी एकटाच ओरडलो. पण रिकाम्या शेडमध्ये ओरडून काय होणार? ज्याने म्हणायचं त्याने म्हटलं पाहिजे, त्याच्या तोंडाने, माझ्यासमोर. तोवर या मशीनवर कव्हर चढणार नव्हतं.

ते जिवंत करण्यात एक उन्हाळा गेला. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या. फ्लॉपी फिरवायचा पट्टा आत चिकट होऊन वितळला होता. सायकलच्या ट्यूबचा नवा पट्टा कापला, माझ्याच कात्रीने, एका दमात, कारण थांबलं की कड वाकडी येते. बल्ब मंद झाला. पंखा फिरला. काचेत हिरवा ठिपका उमटला आणि एका जागी लुकलुकत राहिला. पुढे काही नाही. हे मशीन स्वतःहून काही जाणत नव्हतं. रोज सकाळी ताटलीएवढी एक फ्लॉपी घालून त्याला ते कोण आहे हे सांगावं लागायचं. संस्थेत विचारलं तर शिपाई म्हणाला, "त्या फ्लॉप्या पुण्याच्या साहेबांनी रिटायर होताना घरी नेल्या. नाहीतर कचऱ्यात जाणार होत्या."

मल्लेश्वरमला त्यांच्या घरी बसने जाताना मी बोलणं ठरवत होतो. आधी हवापाणी, मग कॉफी, मग हळूच विषय. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, तोच बारीकपणा.

"फ्लॉपी पाहिजे," मी म्हणालो.

"कोण आपण?"

"अभ्रेवाला."

त्यांनी मला नीट बघितलं. "मला काही आठवत नाही."

"मला आठवतं. तुमचं मशीन माझ्याकडे आहे."

त्यांचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मग म्हणाले, "आत या." त्यांच्या पत्नीने कॉफी आणली.

"चालतंय?" त्यांनी विचारलं.

"ठिपका येतो. पुढे तुमची फ्लॉपी लागते. पण त्याच्या आधी एक काम. तुम्ही ते पुन्हा मोजायचं. माझ्यासमोर."

"म्हणजे वस्तू माझी, ती मी द्यायची आणि वर राबायचं पण मीच? हा कुठला सौदा?"

"चिकपेटचा."

"आधी मशीन चालू करू."

"आधी माप."

"अहो, ते चालू झालं नाही तर मोजून काय त्याची तिरडी बांधायची आहे?"

आतून त्यांच्या पत्नीचं हसू ऐकू आलं. मला राग यायला हवा होता. पण ते बोलत होते माझ्याशी आणि बघत होते खिडकीबाहेर, जिथे काहीच नव्हतं. ठिपका येतो म्हटल्यापासून त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती.

"सरी, बरं तर," मी म्हणालो. "आधी मशीन." माल आधी देऊन मोबदला मागाहून घेणं हे मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

"फ्लॉपी तुमच्या हातात देणार नाही. मी घेऊन येईन."

रविवारी ते आनेकलच्या बसमधून उतरले, खांद्याला कापडी पिशवी. शेडच्या दाराशी आले आणि चपला काढल्या. आत बोटभर धूळ, दोऱ्यांची टोकं, मोडक्या सुया. जिथून ते चालणार होते तिथली जमीन मी झाडून घेतली.

त्यांनी फ्लॉपी पाकिटातून काढली ती मधोमध न धरता कडेने, नुकत्या भाजलेल्या पापडासारखी. खट् आवाज झाला. माझा पट्टा फिरला. आत काहीतरी टकटकलं, थांबलं, पुन्हा टकटकलं. आम्ही दोघे वाकून उभे. मग हिरवी अक्षरं आली, एकामागून एक, तळातून वर येणाऱ्या माशांसारखी.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि हात मागे घेतला. काचेवर वरून खाली चांदण्यांच्या ओळी उतरायला लागल्या. प्रत्येक ओळ थोडी रुंद, मग थोडी अरुंद. रांगोळी होती ती. "आयुधपूजेला लावायचो," ते म्हणाले. "मीच लिहिलेली." पुरी झाली की पुसली जायची आणि पुन्हा पहिल्या चांदणीपासून सुरू. पत्र्यातून तो दुधाळ उजेड पडला होता, कव्हरांच्या कडा हलत होत्या, आणि मला वाटलं की भिंतीकडेचे सगळे जण जागे होऊन बघतायत. किती वेळ गेला ते खरंच सांगता येणार नाही. मी कशासाठी त्यांना बोलावलंय हे मधे मी विसरलो होतो.

ते विसरले नव्हते. उठले, पिशवीत हात घातला आणि लाकडी फूटपट्टी काढली. तीच. कड काळी पडलेली. मी पट्टीकडे बघितलं, त्यांनी पत्र्याकडे.

"काही आठवत नव्हतं ना?"

"मोजू का नको?"

मशीनच्या डाव्या कडेला त्यांनी पट्टी लावली. दुसऱ्या टोकाशी अंगठा टेकवला, पट्टी उचलली, अंगठ्यापासून पुढे ठेवली. "एक." पुन्हा अंगठा. "दोन." काचेच्या भिंतीबाहेरून मला त्यांची पाठ दिसली होती. आज मी शेजारी होतो. पट्टीची शेवटची रेघ संपते आणि त्यापुढे थोडं कोरं लाकूड असतं. या टोकाला तसं, त्या टोकालाही तसं. माझी टेप पितळेच्या कडेपासूनच सुरू होते. त्यांचा अंगठा रेघेवर नव्हता, लाकडाच्या टोकावर होता; दर फुटामागे तेवढं कोरं लाकूड मोजायचं राहून जात होतं.

"थांबा!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"काय झालं?"

"लाकूड नका बघू, रेघ बघा. रेघ!"

त्यांनी पट्टी चष्म्याजवळ नेली. उलटी करून दुसरं टोक बघितलं. मागे रांगोळी पुरी झाली, पुसली गेली, पुन्हा सुरू झाली.

"स्वल्पच आहे की," ते म्हणाले.

"स्वल्प? दर उचलीला स्वल्प, साहेब! अशा चार उचलींत दोन बोटं जातात. दोन बोटांत माणसाचा खांदा अडतो. शिंप्याच्या पोराला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तुम्ही मला काचेबाहेर ठेवलंत. अभ्रे म्हणालात. माझं मराठी काढलंत!" आणखीही खूप बोललो. इतकी वर्षं घडी घालून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले, पट्टी मांडीवर आडवी.

"झालं?"

"नाही झालं," मी म्हणालो.

ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली. शिंप्याच्या गळ्यातली टेप कुणी काढत नाही. मी चकित होऊन बघत राहिलो. त्यांनी तिचं पितळी टोक मशीनच्या डाव्या कोपऱ्यावर, कुंकवाच्या डागाखाली दाबून धरलं. "माप तुमचं बरोबर होतं. चूक माझी. धरा आता दुसरं टोक."

मी आकडे सांगितले. ते मोठ्याने पुन्हा म्हणत गेले, जसे त्यांचे आकडे मी काचेबाहेर टिपत गेलो होतो.

"कापड कुठलं?" त्यांनी विचारलं.

"निळं."

"मरून बरं दिसेल. आणि शिलाईचे घ्याल किती?"

मी सांगितलं.

"अहो, अभ्र्याला एवढे?"

"मग पुण्याहून शिवून आणा!"

"जाळीवर हवा खेळायला भोकं ठेवणार का? नाही? मग कशाचे एवढे मागता?"

मी तडकलो. तेही तडकले. उजेड मशीनवरून सरकून जमिनीवर गेला, चांदण्या पडत राहिल्या, आणि आम्ही हमरीतुमरीवर आलो तरी भावात ना मी खाली उतरलो, ना ते वर चढले. मात्र टेपचं टोक त्यांनी कोपऱ्यावर तसंच दाबून धरलं होतं.