भिंतीवरून काढलेली बेल

भूत, करणी, बाहेरची बाधा... असलं कुणी काढलं की मी तोंडावर हसणारा माणूस. वीस वर्षं वायरमन आहे. बंद घरं, अंधारे माळे – सगळीकडे एकटा शिरलोय. मांजरांशिवाय कधी काही दिसलं नाही. त्यामुळे तुम्ही हसलात तरी मला राग नाही, मीही हसलो असतो.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराचं वायरिंग बदलायला घेतलं होतं. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या वायरी, काळे गोल स्विच, पिन घातली की ठिणगी मारणारे सॉकेट. घरात काका-काकू दोघंच. माझ्याबरोबर दाजी – माझ्या आक्काचे मालक. आम्ही जोडीनंच कामं करतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नुसता मेन स्विच पाडून भागत नाही, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. आपला हात तारेवर असताना घरातल्या कुणी चुकून लाइट चालू करायला नको. त्या दिवशीही तिन्ही फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात होते. दाजींनी टेस्टर मागितला तर मी वर फुशारकी मारली, "टेस्टर कशाला दाजी? लाइट माझ्या खिशात हाय की!"

ते हसले आणि आतल्या खोलीत सॉकेट काढायला स्टुलावर चढले.

दुपारचे साडेबारा असतील. मी बाहेरच्या खोलीत दारावरची जुनी बेल काढून पेपरवर ठेवली. दोन्ही वायरी तोडलेल्या, टोकं मोकळी, कशालाच टेकलेली नाहीत. आणि ती वाजली!

एकदा नाही हो... कुणी बटणावर बोट दाबून धरल्यासारखी, सलग. माझ्यापासून हातभर अंतरावर. आतली हातोडी वाटीवर आपटताना मी या डोळ्यांनी बघत होतो. मी वायरींची मोकळी टोकं परत परत बघत राहिलो.

"अवो पावणं, दार उघडा की! कान किटलं!" आतून दाजी मला ओरडले.

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं बया! ही बेल तर कवाच बंद पडलीया... लोकं कडी वाजवत्यात!" म्हणत त्यांनी दार उघडलं. बाहेर रणरणतं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. बेल चालूच. शेवटी वैतागून दाजी खाली उतरले. त्यांचा पाय फरशीला लागला आणि बेल थांबली.

"आता वायर हातात धरणार हुतो, तेवढ्यात हे..." म्हणत ते बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, मग पेपरवरच्या बेलकडे. खाली वाकून तिच्या तोडलेल्या वायरी बघितल्या.

मला काय सुचलं कोण जाणे... टेस्टर उचलला, आत गेलो आणि त्याच वायरीला लावला.

टेस्टर पेटला.

तिन्ही फ्यूज माझ्या खिशात, आणि समोर करंट! त्याचं कारण नंतर सापडलं – हे आणि शेजारचं घर पूर्वी एकच. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा शेजारच्या मीटरवरची एक वायर भिंतीतून या घरात तशीच राहिली होती. काकांनाही माहीत नव्हतं.

पण बेलचं? मी ती खोलून बघितली. आतली कॉइल जळून तुटलेली. थेट करंट दिला तरी वाजली नसती.

संध्याकाळी दाजींना सोडायला त्यांच्या घरी, कबनूरला गेलो. आक्कानं हाताला धरून जेवायला बसवलं. समोर दाजी भाकरी मोडत होते. त्या हाताकडे बघता बघता मी घास ताटात ठेवला. उठून बाहेर गेलो आणि ढसाढसा रडलो.

आक्का मागोमाग आली. "काय झालं रं?"

"ठेचा लई तिखट हाय," म्हणालो.

अजून तिला सांगितलेलं नाही. बेल कुणी वाजवली, कशी वाजली... काही म्हणजे काही कळत नाही. आठवलं की भरदुपारीही अंगावर काटा येतो. आणि त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते – ती वाजली नसती, तर त्या संध्याकाळी मी कुठलं तोंड घेऊन आक्काच्या दारात उभा राहिलो असतो?