बिनवासाचं जेवण

मटणाच्या दुकानात सव्वीस वर्षं उभ्या राहिलेल्या या माणसाला सगळी गल्ली 'काटा' म्हणायची. तुकडा हातात घेतला की तो वजन सांगायचा, आणि तराजू मुकाट्याने त्याच्या होला हो म्हणायचा. गिऱ्हाइकं मुद्दाम परीक्षा घ्यायची, हरायची आणि पिशवी घेऊन हसत घरी जायची. धंद्याला असा लौकिक बरा असतो. पण बायको आजारी पडली आणि हाच हात त्याच्या जिवावर उठला. तिला बाथरूममधून उचलून पलंगावर आणताना त्याला आपोआप कळायचं: अठ्ठेचाळीस किलो. पुढच्या आठवड्यात सत्तेचाळीसला थोडं कमी. कळू नये असं फार वाटायचं, तरी कळायचं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. दर तीन आठवड्यांनी सुई. सुईआधी वजन. पंचेचाळीसच्या खाली गेलं तर सुई देता येणार नाही, आणि सुई चुकली तर गाठ पुन्हा डोकं वर काढणार. म्हणजे सगळा मामला तिच्या पोटावर येऊन ठेपला होता, आणि सुईने नेमकं त्या पोटाशीच वैर धरलं होतं. मटणाचा वास आला की तिला भडभडून यायचं. घरात मटण शिजणं केव्हाच बंद झालं होतं. पण तो वास नवऱ्याच्या अंगावर बसून रोज घरी यायचा.

आणि काट्याला तो येतच नव्हता! सव्वीस वर्षांत नाक इतकं निर्ढावलं होतं की तीनदा हात धुऊन हुंगले तर त्याला साबण यायचा. तिला बोकड यायचा.

"अहो, जरा तिकडे बसा ना," चादर तोंडावर ओढून ती म्हणायची. "रागावू नका."

तो रागवत नव्हता. तिकडे म्हणजे कुठे, एवढंच त्याला समजत नव्हतं. दुकान खाली, घर वर, मध्ये अठरा पायऱ्या. दुकान बंद करावं तर चूल बंद, आणि त्याला दुसरं काही येतही नव्हतं. दिवसभर खाली मटणात आणि संध्याकाळी वर मटणावाचून, असा तो त्या अठरा पायऱ्यांवर अडकून पडला होता.

दुकानासमोर भाजीवालीचा ठेला होता. वीस वर्षं दोघांचं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शाब्दिक युद्ध चालू होतं. एका सकाळी काटा रस्ता ओलांडून तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"ताई, बिनमटणाचं काय करतात?"

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. "तुम्हाला काय करता येतं?"

"मटण."

"ते सोडून?"

"पाणी उकळता येतं."

"मग झालं की! निम्मं काम तेच असतं." तिने चणे-वाटाण्याचे मूठमूठ सुके दाणे मोजून दिले. "आज भिजत घाला, उद्या शिजवा. एवढंच."

आता मटणवाल्याला कुणी कडक वस्तू दिली तर तो काय करणार? त्याने दाण्यांना सढळ हाताने मीठ लावलं, वर तीन लिंबं पिळली, पाणी घातलं आणि मुरायला ठेवलं. म्हाताऱ्या बोकडालाही याने पाझर फुटतो, दाण्यांची काय कथा! दुसऱ्या दिवशी ते आचेवर चढले ते तीन तास उतरलेच नाहीत. अंगठ्याने दाबून पाहिले तर अंगठा दुखला.

"ताई, तुमचे दाणे दगड निघाले."

"घातलं काय होतं त्यात?"

"मीठ, लिंबू. मुरायला."

भाजीवालीने कपाळावर हात मारला. "अहो, तो बोकड आहे का? आंबट लागलं की दाणा हट्टाला पेटतो. आधी मऊ होऊ द्या, मग लिंबू पिळा!"

शेजारच्या शिंप्याने ही हकिकत गल्लीभर केली. लोक आठवडाभर हसले. काट्याला हसू आलं नाही, कारण त्या दिवशी बायकोने फक्त दोन बिस्किटं खाल्ली होती आणि हाताला सेहेचाळीस लागले होते.

पुढे कोबी. कोबी बायकोने आनंदाने तोंडात घातली आणि तशीच बाहेर काढली. सुरी दुकानातली होती. मग नवी सुरी, नवी फळी, नवं पातेलं. दुकानाचे कपडे वर आणायचे नाहीत, खालच्या नळावर अंघोळ करायची, आणि शेवटी भाजीवालीपुढे उभं राहून वास द्यायचा. ती नाक पुढे करून सांगायची, "मानेमागे अजून येतोय. परत जा." तो परत जायचा. शिंपी ओरडायचा, "काय हो, मुलगी बघायला निघालात का?" ज्याच्या एका हाकेला रस्ता गप्प व्हायचा तो माणूस मान खाली घालून मानेला साबण लावायचा.

पण हात शिकला, हे कबूल करायला हवं. मसूर आधी, कारण ती भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत होते. कांदा मंद आचेवर पार तांबूस होईपर्यंत परतायचा; मटण सोडलेल्या जिभेला जी ओढ लागते ती निम्मी त्या तांबूसपणाची असते. अळंबी कढईत दाटीवाटीने टाकायची नाही, नाहीतर रुसून पाणी सोडते. वांगं थेट आचेवर भाजायचं. चणे मऊ झाले की लसूण घालून ठेचायचे आणि पावावर पसरायचे. तो स्वतःही तेच खायचा आणि तासाभराने त्याचं पोट विचारायचं, जेवण कधी? भाजीवालीने त्यावर मूठभर शेंगदाणे सांगितले. ते लागू पडले.

बायको खाऊ लागली. तो पलंगावर ताट ठेवायचा, मागे सरून दारात उभा राहायचा आणि एकेक घास बघायचा. ती घास संपवून वर पाहायची. तो दिसला की आणखी एक घ्यायची.

"छान झालंय."

"खरं?"

"खरंच."

वाटी रिकामी व्हायची आणि काट्याला त्या दिवसापुरता श्वास घेता यायचा. वजन उतरायचं थांबलं. एकदा भांडी घासताना त्याच्या मनात आलं, की बाजाराआधी जनावराला असंच चारतात, काट्यावर भरावं म्हणून. तो विचार त्याला इतका घाण वाटला की त्याने पातेलं दोनदा घासलं.

सुईच्या दिवशी दवाखान्यात ती वजनकाट्यावर उभी राहिली. पंचेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम. परिचारिका म्हणाली, "वा! छान राखलंय हो वजन." काट्याला वाटलं, आता पाठीवर थाप मिळणार. त्याने बायकोकडे पाहिलं. ती वजनकाट्यावरून उतरून बाकावर बसली होती आणि हुंदके देत होती.

"अगं, भरलं ना वजन!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "सकाळपासून मनात म्हणत होते, चव्वेचाळीस निघू दे. या खेपेपुरती तरी सुटका. मला ती सुई सोसत नाही हो आता."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुम्ही दारात उभे असायचात ना. माझ्या तोंडाकडे बघत. मटणाचा वास जावा म्हणून अंगाला इतका साबण लावून, बिनमटणाचं शिजवून आणणारा माणूस समोर उभा असताना नाही कसं म्हणणार?"

खाऊ घातलं नाही तर ती हातची जाणार होती, आणि खाऊ घालून त्यानेच तिला या दारापर्यंत आणून सोडलं होतं. "मी सांगू का डॉक्टरीणबाईंना? आज नको म्हणून?"

तिने डोळे पुसले. "आता काय सांगणार? आकडा त्यांनी लिहून घेतला." मग त्याची बाही जरा ओढून, सरळ करून, ती परिचारिकेबरोबर आत गेली. दार बंद झालं.

बाकावर शेजारी एक बाई बसली होती. तिचा नवरा आतल्याच खोलीत होता. ती दबकत म्हणाली, "भाऊ, कानावर पडलं म्हणून विचारते. आमच्याकडेही मटणाशिवाय कधी काही शिजलं नाही, आणि आता त्यांना वासही चालत नाही. सोपं असं काय करू?"

काट्याने सांगायला सुरुवात केली. आधी मसूर, वीस मिनिटं. कांदा मंद आचेवर. दाणे मऊ झाल्याशिवाय आंबट नाही. सुरी वेगळी, फळी वेगळी. बाईने पिशवीतून चिठोरा काढला आणि भराभर लिहू लागली. तो मध्येच थांबला. तिला वाटलं, संपलं.

"आणि ताट ठेवलं की तिथे उभ्या राहू नका," तो म्हणाला. "बाहेर जा."

"वास येतो म्हणून ना?" तिने विचारलं, आणि तेही लिहून घेतलं.