ओली पूड

कारखान्यात सगळे त्याला भट्टीदादाच म्हणत. उभी हयात भट्टीपुढे गेली आणि शेवटी छातीने हात टेकले. डॉक्टरांनी बजावलं, आता धग बंद. म्हणून इंजिनियर मॅडमनी त्याला नव्या प्रेसवर घेतलं. सिरॅमिक भट्टीत पक्कं व्हायला हजार अंशांची आच लागते, पण त्यात प्लास्टिकच्या जातीचं पॉलिमर मिसळलं तर तेवढ्या आचेत त्याचा धूरच व्हायचा. इथे दोन्हींची पूड किंचित ओली करून गरम साच्यात प्रचंड दाबाखाली धरायची. आच म्हणाल तर घरच्या इस्त्रीएवढी.

"इस्त्री फिरवून भांडी भाजणार होय?" बायको हसली होती.

भाजली जात नव्हतीच. साच्यातून चकती निघे ती भुगा होऊन. मालकांनी सांगून टाकलं, या आठवड्यात एक तरी धड चकती दाखवा, नाहीतर प्रेस परत आणि दादाही परत भट्टीवर. तो पार थकला होता. कामाने नव्हे, रोज आशा धरून.

शेवटच्या दिवशी मॅडम कालवलेल्या पुडीचं वाडगं देऊन एरवीसारख्या गेल्या नाहीत, तिथेच थांबल्या. दादाने नेहमीसारखं ते प्रेसच्या गरम कडेवर ठेवलं आणि साचा पुसायला घेतला.

"दादा, ते तिथे कशाला?"

"वाळायला. ओला माल आत गेला की तडकतो. एवढंही कळत नाही का मला?"

मॅडमनी वाडगं झटकन कडेवरून उचललं. "अहो, ते पाणीच तर कण जोडतं! मी मोजून घालते आणि तुम्ही उडवून टाकता?" मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी सांगायला हवं होतं."

दादाचं तोंड एवढंसं झालं. ज्या सवयीने जन्मभर पोट भरलं, तिनेच घात केला होता. स्वतःवर चिडायचंही त्राण नव्हतं.

नव्याने कालवलेली पूड त्याने ओलीच साच्यात भरली. दाब देऊन साचा उघडला. चकती अखंड निघाली. टिचकी मारली तर खणखणीत वाजली. मॅडम मालकांना फोन करायला धावल्या. दादा ती कोमट चकती तळहातावर घेऊन नुसता उभा राहिला.

घरी येऊन तो खुर्चीत कोसळला. बोलणंही जिवावर आलं होतं.

"मग? परत भट्टी?" बायकोने विचारलं.

"नाही गं. आता नाही."

ती तिथेच खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडता सोडता हमसून रडायला लागली. इतकी वर्षं ही हसतखेळत किती भीत होती, ते त्याला आत्ता कळलं.