गाडी फाट्यावरच उभी करा

प्रा. कुसुमताई इंगळे यांची आणि माझी पहिली भेट केनवडला, आमच्या घरी झाली. ताईंना ती माझ्या आईच्या चहामुळे आठवते आणि मला माझ्या रागामुळे. अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात रागाने सुरुवात करणं शोभत नाही, हे मला कळतं. पण संपादकांनी मला चांगलं ओळखून हा लेख मागितला आहे, तेव्हा आता त्यांनीच निस्तरावं.

मी तेव्हा बी.ए., डी.एड. होऊन घरी बसले होते. बसले होते हे गावाचं म्हणणं. पहाटेपासून रात्रीपर्यंत माझी पाठ जमिनीला लागत नव्हती, तरी कोणी विचारलं की आई म्हणायची, "घरीच हाय सध्या." शिक्षकभरती बंद होती आणि ती कधी निघेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अशात आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला एका संस्थेने बेरोजगार तरुणांसाठी करिअर मार्गदर्शन शिबिर घेतलं. बाबांनी मला स्वतः मोटरसायकलवर नेलं आणि शेवटपर्यंत मागच्या खुर्चीवर बसून राहिले. वक्ते झकास बोलले. टाळ्या पडल्या. मग वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी असं पोटभर जेवण झालं आणि त्यानंतर लगेच शिबिराबद्दल अभिप्रायाचे कागद भरून घेतले. सगळ्यांनी लिहिलं तेच मीही लिहिलं, "अतिशय प्रेरणादायी."

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी खांद्याला पिशवी लावलेल्या एक बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. आईला वाटलं, पोरीसाठी स्थळ घेऊन आल्या. तिने कपाटातले चांगले कप काढले. त्या होत्या कुसुमताई. वाशिमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शिबिरांचा पोरांना खरोखर काही उपयोग होतो की नाही, ते पाहण्याचं काम संस्थेने त्यांच्यावर सोपवलं होतं. याला मूल्यमापन म्हणतात हे मला पुढे समजलं. स्थळ नाही म्हटल्यावर आईचा चेहरा जरा उतरला, पण चहाची साखर काही कमी झाली नाही.

"शिबिर कसं झालं?" ताईंनी मला विचारलं.

"लय चांगलं झालं, मॅडम," उत्तर आईनेच दिलं. "जेवण बी चांगलं होतं म्हणे."

मी मान हलवली. ताईंनी काही लिहून घेतलं नाही. चहा घेतला, पोहे खाल्ले, आईच्या हाताला चव आहे म्हणाल्या आणि उठल्या. गाडी स्टँडवर उभी असल्याचं सांगितलं. आई लगेच मला म्हणाली, "जाय, पोचवून ये मॅडमले. पाहुण्याले असं एकटं धाडते काय कोणी?"

आम्ही निघालो. ताई आपल्या संथ चालत होत्या. आणि पिठाच्या गिरणीपाशी माझं मलाच आवरेना.

"मॅडम, खरं सांगू काय? त्या शिबिरात मी गेलीच नसती तं बरं झालं असतं. तो साहेब स्टेजवरून म्हणे, ज्याले काम करायचं राह्यते त्याले काम भेटतेच. बाबानं ते ऐकलं. तवापासून घरात काईबी झालं की तेच वाक्य. भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच. मंग मले काहून नाई भेटत काम? मी काय आळशी हावो?"

ताई थांबल्या. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुई काई चूक नाई, पोरी. जागाच निघाल्या नाईत, तं तू काय करशील?"

एवढं साधं वाक्य. पण ते तोवर मला कोणीही म्हटलं नव्हतं. मी भर रस्त्यात रडले. गिरणीवाला बघत होता, बघू दे म्हटलं. त्यानंतर ताईंनी जे केलं ते मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे, कारण मला त्यांना एक उत्तर द्यायचं आहे.

ताईंनी मूल्यमापनाचा अहवाल संस्थेपुढे ठेवला, त्या बैठकीला मी नव्हते. ताईंची गाडी चालवणारे मंगरूळपीरचे रफीकभाऊ दाराशी बसून सगळं ऐकत होते, त्यांच्याकडून मला ते कळलं. अहवालात ताईंनी सरळ लिहिलं होतं की शिबिरानंतर काही घरांत मुलांचं जिणं अधिक अवघड झालं. संस्थेचे अध्यक्ष तापले. "मॅडम, कागदावर तं सगळ्यायनं उत्तम लिहिलं हाय!" ताई म्हणाल्या, "जेवण झाल्यावर लिहून घेतलं नं? वऱ्हाडातला माणूस बुंदी खाऊन उठल्यावर वाईट लिहीन काय?" अध्यक्षांनी मग तक्रार करणाऱ्यांची नावं मागितली. ताईंनी ती दिली नाहीत. तुम्हाला सांगायचं असतं तर त्यांनी तुम्हालाच सांगितलं असतं, एवढंच म्हणाल्या. पुढचं काम हातचं जाणार हे दिसत असूनही अहवालातला एक शब्द त्यांनी बदलला नाही.

अध्यक्षही मुळात भला माणूस. आठवडाभर फुगून बसले आणि मग त्यांनीच फोन केला, "मंग करायचं काय, ते तरी सांगा." तिथून त्या शिबिराचं रूप पालटलं. भाषणं आटली. आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवून, कोणत्या भरत्या निघाल्या आहेत आणि कोणत्या निघालेल्या नाहीत, ते त्यांच्यासमोर सांगू लागले. पोरांना डाळमिलमध्ये, दवाखान्यात, दुरुस्तीच्या दुकानांत नेऊन काम कसं चालतं ते दाखवू लागले. आणि अभिप्राय जेवणाआधी घेऊ लागले. उपाशीपोटी माणूस खरं लिहितो. कधी कधी जरा जास्तच खरं लिहितो, पण चालायचंच.

पुढच्या शिबिरांचं मूल्यमापनही संस्थेने ताईंकडेच दिलं, आणि भरती निघेपर्यंत मी त्यांची मदतनीस म्हणून गावोगाव हिंडले. त्यांची एक सवय रफीकभाऊंना बिलकूल पटत नसे. गाव कोणतंही असो, ऊन कितीही असो, ताई म्हणणार, "गाडी फाट्यावरच उभी करा." एकदा वैशाखात रफीकभाऊंनी हात जोडले. "मॅडम, रस्ता पार दारापर्यंत जाते. कायले जीव तळून घेता?"

ताई हसल्या. "रफीकभाऊ, घरात चहा भेटते. खरं ते वाटंत भेटते. दाराशी गाडी नेली तं मले पोचवाले कोण येईन?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे दारी आलेल्यासमोर कोणी कोणाला नावं ठेवत नाही. घरात वडीलधारे असतात, चुलीपाशी कान असतात. पण पाहुण्याला पोचवायला मात्र घरातलं तरुण माणूसच धाडतात. तेवढी वाट ताईंनी आपल्या कामासाठी राखून ठेवली होती. पुस्तकात ही पद्धत कुठे लिहिलेली नसावी. असली तरी ती लिहिणाऱ्याला केनवडच्या उन्हात चालवून पाहायला हवं.

वाटेवर तक्रारीच ऐकू येत असंही नाही. मंगरूळपीरला एका मुलाने मोठ्या भावांसमोर सांगितलं, शिबिराचा काडीचा उपयोग झाला नाही. गाडीपर्यंत आला तेव्हा हळूच म्हणाला, "मॅडम, फ्रिज दुरुस्ती शिकून राह्यलो मी. पहिली कमाई अम्मीच्या हातात ठेवीन, तवाच घरी सांगीन." मी आनंदाने ते सगळं टिपून घेऊ लागले. ताईंनी माझं पेन धरलं. "फायदा झाला एवढंच लिही. कोणता, ते त्याले आधी घरी सांगू दे." आमच्यासारख्यांवर त्या रागवत, अगदी सडकून रागवत. चुकीच्या बेरजेवरून मला त्यांनी रफीकभाऊंसमोर झापलं आहे. पण वाटेत ऐकलेली कोणाची गोष्ट त्यांनी कधी चव्हाट्यावर आणली नाही.

गेल्या महिन्यात या ग्रंथाबद्दल सांगायला मी वाशिमला त्यांच्याकडे गेले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. चहावर म्हणाल्या, "कायले करता हे सगळं? बरं, करा." मी उठले तशा त्यांनी चपला घातल्या. नको नको म्हणत असतानाही मला पोचवायला निघाल्या. माझी स्कूटी कोपऱ्यावर होती, जुन्या सवयीने. कोपरा जवळ आला तेव्हा काठीवर भार देऊन थांबल्या.

"सविता, खरं सांगू काय? इतके वर्षं मी लोकायच्या कामाले मार्क देत फिरली. माया अहवालानं एका तरी पोराले नोकरी लागली काय? मंग मी केलं काय?"

मी, जिची जीभ अख्ख्या केनवडला माहीत आहे, गप्प झाले. असं नका म्हणू ताई, एवढंच बोलले. म्हणजे चहावरचंच उत्तर दिलं. ते मला आजवर खुपत आहे. म्हणून आता खरं सांगते.

ताई, आपल्या अहवालाने मला नोकरी लागली नाही. ती भरती निघाली तेव्हा लागली. पण तोवरची वर्षं मला त्याच घरात काढायची होती. त्या दिवशी मी स्टँडवर डोळे पुसत होते आणि आपण गाडीत बसला होता. रफीकभाऊंनी गाडी सुरू केली. आपण ती बंद करायला लावली, उतरलात आणि माझ्याबरोबर सगळी वाट पुन्हा उलटी चालून आमच्या घरी आलात. बाबा शेतातून परतले होते. आपण त्यांना विचारलंत, "भाऊ, बाजारात भाव नसला तं तुमी सोयाबीनले शिव्या देता काय?" बाबा म्हणाले, "नाई जी." आणि आईला म्हणाले, "च्या ठेव पुन्हा."

त्या दिवसानंतर शिबिरातल्या साहेबाचं ते वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. मी ताठ मानेने जेवले, ताठ मानेने अभ्यास केला. आपण काय केलंत ते हे केलंत. अशी घरं किती असतील ते अहवालात येत नाही, पण आपण चाललेल्या वाटा मी पाहिल्या आहेत.

आपल्याला उदंड आयुष्य लाभो हे सगळेच म्हणतील. मी आपल्या गुडघ्यांसाठी मागते. ते शंभरीपर्यंत खणखणीत राहोत. मी येत जाईन, चहा घेईन, आणि ताई, गाडी कोपऱ्यावरच उभी करीन.