कापसातली चक्री

असोद्याच्या लोटन नानांना पन्नाशी उलटून गेली तरी पतंगाचा नाद सुटला नव्हता. नाद बाटलीचा नव्हता, पत्त्यांचा नव्हता, म्हणून गाव हसून सोडून द्यायचं. एरवी माणूस इतका शांत की दारावरून गेला तर कुत्रं मान वर करायचं नाही. केळीला पाणी, कापसाची वेचणी, बैलांचं वैरणपाणी, यात वर्ष सरायचं. पण पौष लागला, उन्हाला जरा रंग चढला, की नानांचं ओलं बोट आपोआप हवेत जायचं. वारा कुठून येतो ते बघायला. ताटात भाकरी पडली तरी डोळे वरच.

त्यांची बायको मंजुळाबाई म्हणायची, "देव वर हाये हे खरं, पन जेवन खाली हाये."

नाना हसायचे आणि खाली बघून दोन घास खायचे. तिसऱ्याला पुन्हा वर.

मांजा गुंडाळायची त्यांची चक्री साधी नव्हती. जळगावच्या सरदार मिस्त्रीनं ती केली होती. नानांच्या बापाच्या बैलगाडीचं चाक मोडलं, तेव्हा त्यातले सागवानी आरे सरदारनं मागून नेले आणि महिन्याभरानं ही चक्री घेऊन तो असोद्याला आला. लोण्यासारखी गुळगुळीत. नुसती फुंकर मारली तरी फिरायची, आणि फिरताना घुमायची, लांब कुठंतरी दळण चालल्यासारखी. तेव्हापासून दर संक्रांतीला सरदार बसनं असोद्याला यायचा. दोन मुठींत चक्री धरून बसायचा, नाना पतंग उडवायचे. दिवसभरात दोघं दहा शब्द बोलले तर खूप. एकाचा दोरा, एकाची ढील, आणि मधे सगळं आभाळ.

मागच्या दिवाळीत सरदारच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हात काही उठेना. रंधा धरायचा हात मांडीवर झोपून राहिला. म्हणजे आता तशी चक्री दुसरी होणार नव्हती. नानांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांना चोराची भीती वाटायला लागली.

चक्री राहायची मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, मोटारीचा स्टार्टर, दोरखंड आणि जुनी पोती यांच्या सोबतीला. त्या साली मळ्यामळ्यांतून चोऱ्या चालल्या होत्या. शेजारच्या झुलालच्या मोटारीतली तांब्याची तार चोरांनी अशी काढून नेली होती की जशी बाईनं पपईतली बी काढावी.

नानांनी आधी एक मोठं कुलूप आणलं. कुलूप लावून घरी निघाले आणि वाटेतच त्यांच्या मनात आलं, एवढं कुलूप बघून चोराला वाटेल आत सोनं आहे. परत जाऊन काढलं. मग नुसती कडी लावून बैलाची घुंगुरमाळ दाराला बांधली. वारा आला की माळ वाजायची आणि नाना हातातलं काम टाकून मळ्याकडं पळायचे. संक्रांतीच्या तोंडाला वाऱ्याची काय कमी? चार दिवसांत नाना चिपाडासारखे झाले.

मंजुळाबाई म्हणाली, "बैल मोकळे आनि मालकाले घुंगूर. कोन कोनाले हाकतंय?"

आणि शेवटी व्हायचं ते झालंच. शनिवारी सगळे बाजाराला गेले असताना भर दुपारी खोली फुटली. दोरखंड गेला, कुदळ गेली, पाणी प्यायचा जर्मनचा तांब्या गेला, घुंगुरमाळही गेली. चक्री फाटक्या पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली, तिच्यावर चोराचा पाय पडून गेलेला. पोत्यावर मातीचा पंजा उमटला होता. नाना ते पोतं उराशी धरून घरी आले. बाकी काय गेलं ते त्यांनी दोन दिवसांनी मोजलं.

आता घरात ठेवायची कुठं? घरातल्या मोठ्या खोलीत कापूस भरला होता, आढ्याला टेकेल इतका. त्या खोलीत शिरलं की बाहेरचा आवाज विझायचा. नाना तिथं नुसतेच उभे राहायचे कधीकधी. ढगात शिरल्यासारखं वाटायचं. त्यांनी उगवतीच्या कोपऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि चक्री आत सारली. कापसानं ती मुकाट्यानं गिळली. वर तिचा मागमूस नाही. चोर आला तरी कापूस किती उपसणार?

बायकोला मात्र सांगितलं नाही. मंजुळाबाई मनाची सोन्यासारखी, पण तिला सांगितलेली गोष्ट नळावरच्या पहिल्या हंड्यात पडायची आणि शेवटचा हंडा भरेस्तोवर बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या गावात पोचायची.

मग नाना दोन दिवसांसाठी मुक्ताईनगरला बहिणीकडं गेले. मुक्ताईचं दर्शन घेतलं, बहिणीच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली आणि भोगीच्या दिवशी सांजेला परत आले. येताना बसच्या खिडकीतून उद्याच्या वाऱ्याचा अंदाज घेत होते. वारा छान होता.

घरी येऊन त्यांनी मोठ्या खोलीचं दार लोटलं. खोली रिकामी. सारवलेली. झरोक्यातून तिरपं ऊन आलेलं आणि त्यात कापसाचे चारदोन तंतू तरंगताहेत, खाली उतरायचं विसरल्यासारखे. नाना त्या तंतूंकडं बघत राहिले.

मागून मंजुळाबाई आली. पदरानं हात पुसत, कौतुकाची वाट बघत. "अवो, कापूस खरेदीत आपला नंबर लागला. तोतारामची गाडी सांगितली, दोन बाया लावल्या, मी सोता कापसाची चवाळी वाहिली. काल गेली गाडी जळगावले. तुमची वाट पाहिली असती तं नंबर गेला असता."

नाना हळूच म्हणाले, "कापसात चक्री व्हती."

मंजुळाबाईचे हात पदरातच राहिले. बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते सगळं गिळलं. एवढंच म्हणाली, "मले सांगतलं असतं तं?"

संक्रांतीच्या सकाळी पहिल्या बसनं दोघं निघाले. मंजुळाबाईनं तिळगुळाचा डबा पिशवीत टाकला. सण काही चुकवायचा नाही. गाडी अजून रांगेतच असेल एवढीच आशा होती. कापूस एकदा का खरेदी केंद्रात ओतला गेला, की त्या डोंगरात चक्री शोधायची कुणी?

जळगावच्या शिवेवर बस हळू झाली. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, पार वळणापर्यंत आणि वळणापलीकडंही. बैल सोडलेले, दांड्या टेकलेल्या, आणि वर पांढरेशुभ्र ढीग सकाळच्या उन्हात. धुकं विरत होतं. पांढरं कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. नानांना वाटलं, सगळ्या खानदेशाचे ढग इथं नंबर लावून बसलेत.

दोघं खाली उतरून एकेक गाडी बघत चालले. आणि बसथांब्यावर बसलेला दिसला सरदार. नवा पांढरा सदरा, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पतंग, उजवा हात मांडीवर. असोद्याच्या बसची वाट बघत होता.

"लोटनभाऊ? मी तुमच्याकडंच निघालो होतो. तुम्ही इकडं कसे? आणि चक्री?"

नाना जमिनीकडं बघायला लागले. मंजुळाबाई पुढं झाली. "भाऊ, चक्री कापसात हाये आनि कापूस गाडीत हाये. यायनी ठेवली चोराच्या भेवानं, आनि मी नेली."

सरदारनं क्षणभर दोघांकडं बघितलं. "कापसात ठेवली? जागा वाईट नाही. लाकडाला ऊब लागते, भेग जात नाही." आणि तो हळूहळू पाय ओढत त्यांच्याबरोबर चालायला लागला.

तोताराम सापडला. गाडीखाली बसून विडी ओढत होता. पुढं पंधरा गाड्या राहिल्या होत्या.

"नाना, म्या तं तुडवून भरलाय कापूस," तो म्हणाला. "आता बठ्ठा उपसता का? पुन्हा भरीन कोन? आनि तुमची ती लाकडाची वस्तू माह्या पायाखाली आली असली तं?"

नानांचा चेहरा कापसाहून पांढरा झाला. रांगेतली माणसं भोवती जमली. कुणी म्हणालं गाडी रिकामी करा, कुणी म्हणालं देवाचं नाव घ्या. मंजुळाबाई मात्र डोळे मिटून उभी होती. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"थांबा," ती म्हणाली. "तुमी ठेवली कोन्या कोपऱ्यात?"

"उगवतीच्या."

"मंग ती बुडाशी नाही. दारातला कापूस पहिले निघाला, तो गाडीच्या तळाले. उगवतीचा कोपरा शेवटी निघाला. शेवटून तिसरं का चवथं चवाळं मले लई जड लागलं व्हतं." चवाळं म्हणजे कापूस वाहायची गोणपाटाची मोठी चादर. "म्या म्हनलं, मंजुळे, वय झालं तुह्यं. वय नव्हतं झालं. चक्री व्हती." मग तोतारामला विचारलं, "ते म्या कुठी टाकलं?"

तोताराम डोकं खाजवत म्हणाला, "शेवटचे तं मी तुडवलेच नाही. जुवाकडून वरच टाकले."

नाना गाडीवर चढले. पुढच्या अंगाला गुडघे टेकले आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. त्यांचा गाल कापसाला टेकला, डोळे मिटले गेले. एका बैलानं मान हलवली तेवढा आवाज.

मग नानांचा चेहरा उजळला आणि हात बाहेर आला, चक्रीसकट. धड होती. फक्त मांज्याला काच लावलेली, तिनं जागोजागी कापूस धरून ठेवला होता. दोरा कुठला आणि कापूस कुठला, ओळखू येईना.

नाना तंतू काढायला बसले तर सरदार खालून म्हणाला, "राहू द्या. मला वर घ्या."

चौघांनी धरून सरदारला गाडीवर चढवलं. तो कापसात मांडी घालून बसला. चक्रीच्या दांड्याची डावी मूठ त्यानं डाव्या हातात घेतली. उजवी मूठ धरायला हात नव्हता. त्यानं ती बाजूच्या कापसाच्या ढिगात खोवली आणि जरा दाबली. कापसानं धरली. त्यानं एकदा फुंकर मारली. चक्री घुमली.

नानांनी लाल पतंगाला कन्नी बांधली, ओलं बोट वर केलं आणि वारा आल्यावर पतंग सोडून दिला. दोरा निघाला तसे कापसाचे पुंजके त्याच्याबरोबर वर निघाले, एकामागून एक, मुंग्यांच्या पांढऱ्या रांगेसारखे. खाली गाड्या, वर ती पांढरी रेघ, आणि तिच्या टोकाला लाल टिपका. गाडीवाले माना वर करून बघत राहिले. मंजुळाबाईनं डबा उघडून त्यांच्या हातांवर तिळगूळ ठेवला. खाताना मात्र सगळे वरच बघत होते. तीही वरच बघत होती.

रांग सरकली. तोतारामनं बैल जुंपले. गाडी चालली, कापूस चालला, त्याच्यावर दोन म्हातारे चालले आणि आभाळात पतंग चालला. केंद्राच्या फाटकापाशी नानांनी दोरा ओढून घेतला. सरदार एका हातानं गुंडाळत होता. दुसरी मूठ अजून कापसाकडंच होती.

घरी आल्यावर मंजुळाबाईनं ओसरीवर दाराच्या शेजारीच एक खिळा ठोकला आणि चक्री त्याला अडकवली.

नाना घाबरले. "इथं? बाहेर?"

"शंभर गावच्या गाड्या व्हत्या तिथं," ती म्हणाली. "बठ्ठ्यायनी पाहिली चक्री. चोरानं नेली तं उडवीन कुठी? लपवून ठेवाची तं मले सांगत जा, नाही तं मंग टांगत जा."

चक्री तिथंच राहिली. सरदार पुढं तीन संक्रांती आला. तो यायचा त्या दिवशी मंजुळाबाई कापसाचं एक बोचकं राखून ठेवायची, त्याच्या उजव्या बाजूला.